आईच्या वाट्याची बॅटरी

शहाजी मिस्त्रीच्या अंगावर धड सदरा कुणी कधी पाहिला नाही. नवा कोरा घातला तरी पंधरा दिवसांत पोटावर बारीक बारीक भोकं पडायची. बॅटरीतलं ॲसिड कधी उडतं ते कळत नाही. सदरा पाण्यात पडला की मग भोक उघडं होतं. बायको श्रीदेवी पहिली पाच-सात वर्षं रफू करत बसली. मग एक दिवस तिनं सुई ठेवून दिली. म्हणाली, "तुमच्या सदऱ्यापरीस पिठाची चाळण बरी. तिची भोकं एका मापाची तरी असत्यात."

सोलापुरात सात रस्ता चौकाच्या अलीकडं एका बोळाच्या तोंडाशी त्याची पत्र्याची टपरी. तिथं जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या येतात. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, टेम्पोच्या. थंडगार इंजिनाला एका दमात हिसका द्यायचा जोर ज्यांच्यात उरला नाही, पण घरातला दिवा-पंखा चालवण्याइतकी धुगधुगी ज्यांच्यात आहे, अशा बॅटऱ्या शहाजी निवडून काढतो, धुतो, भरतो आणि लोकांच्या इन्व्हर्टरला जोडून देतो. विसाव्या वर्षी माढा तालुक्यातल्या गावाहून तो इथं आला, त्याला आता चाळीस वर्षं होत आली. शाळा सातवीत सुटलेली. जे काही शिकला ते टपरीचा मूळ मालक चनमल्लप्पा याच्या हाताखाली.

चनमल्लप्पा अक्कलकोटकडचा. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचा, आणि दोन्हीत कमीच बोलायचा. त्याचे दोन नेम होते. पहिला असा की काम न देता ठेवलेल्या बॅटरीच्या मीटरवरच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही. "तम्मा, बसल्यावर समदे पैलवान. वझं दे, मग बघ." आणि दुसरा असा की कुणाला चार बॅटऱ्यांची माळ जुळवून दिली, तर त्याच वयाची, त्याच जातीची पाचवी आपल्याकडं राखून ठेवायची. दर महिन्याला ती भरायची, पुसायची, विकायची नाही. त्या चौघींतली एक मेली तर तिच्या जागी नवी चालत नाही, परकी चालत नाही. त्यांचीच बहीण लागते. चनमल्लप्पा गेला, त्याला बारा वर्षं झाली. शहाजीच्या टपरीत मागच्या फळीवर अशा पाचव्या बहिणी अजून ओळीनं बसलेल्या असतात.

शहाजीला ॲसिडची किळस नव्हती. शिशाच्या काळ्या चिखलात कोपरापर्यंत हात घालून तो त्याच हातानं कपाळावरची माशी हाकलायचा. किळस यायची ती माणसांची. बॅटरी आणून ठेवली की तो तिच्या पाठीवरून एक बोट फिरवायचा, बोट डोळ्यांपुढं धरायचा आणि मग मालकाकडं पाहायचा. बोटाला काय नसायचं! गुटख्याची पिंक, उंदराच्या लेंड्या, दसऱ्याला फोडलेल्या नारळाचं वाळून चिकट झालेलं पाणी, कुंकू, मेलेल्या मुंग्या. टोकांवर हिरवी-पांढरी बुरशी चढलेली. पोटात बोअरचं खारं पाणी ओतलेलं. वर मालक विचारणार, "दोनच वर्षांत कशी काय गेली ओ?" शहाजी तोंड फिरवून रस्त्यावर थुंकायचा आणि म्हणायचा, "गेली न्हाय. तुमी घालवली."

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माढ्याच्या वाटेवरच्या एका वस्तीवरून भीमा नावाचा शेतकरी त्याच्याकडं आला. त्याची आई रंभाबाई. सारा जन्म चुलीच्या धुरात गेलेला, फुप्फुसं निकामी झालेली. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं होतं. मशीन विजेवर चालतं, आणि वस्तीवरची वीज रोज दुपारी चारला जाते ती सातला येते. ते तीन तास निभावण्यासाठी इन्व्हर्टर घेतला होता. त्याला चार बॅटऱ्या हव्या होत्या.

शहाजीनं आठ दिवस खर्ची घालून एकाच वयाच्या ट्रकच्या पाच बॅटऱ्या जुळवल्या. चार दिल्या, पाचवी फळीवर ठेवली. वस्तीवर जाऊन स्वतःच्या हातानं माळ जोडली. एकीचं प्लस दुसरीच्या मायनसला, दुसरीचं तिसरीला, असा चौघींचा एकच प्रवाह. एक अडली की चारही अडतात. निघताना त्यानं शब्द दिला होता, "तीन तासाला चार तास चालंल. पाणी तेवढं बगत जावा."

यंदाच्या मार्चात एका पहाटे भीमाचा फोन आला. आवाजात चीड होती. "मिस्त्री, भंगार गळ्यात मारलं की तुमी! मशीन वीस मिंटात बंद पडतंय. काल आईची नखं निळी झाली. दिवाखान्यात टाकायचं म्हनलं तर ती उंबऱ्याबाहेर पाय टाकीना. चारच्या आत या, न्हायतर आमी येतो तिकडं."

शहाजीनं मागच्या फळीवरून पाचवी बहीण उतरवली, टेम्पोत ठेवली आणि सकाळी नवाच्या सुमारास वस्तीवर पोचला.

घर एकच, पण दारं तीन झालेली. बॅटऱ्या बसवल्या त्याच महिन्यात वाटणी झाली होती. अंगणातून विटांच्या दोन ओळी गेल्या होत्या. भीमा थोरला, जाडजूड, घसा फाडून बोलणारा. अजिनाथ मधला, बोलताना एक डोळा बारीक करायची त्याला सवय. धुळा धाकटा, मान खाली घालून उभा राहणारा. मधल्या ओसरीत रंभाबाईची बाज होती. नाकात नळी, उशाशी मशीन. मशीन एका लयीत फुस्स करायचं, ठक् करायचं, पुन्हा फुस्स करायचं. बॅटऱ्या समोरच्या जिन्याखाली.

"पाणी देताय, का आदी शिव्याच?" शहाजीनं विचारलं.

"दोन्ही हाय," अजिनाथ म्हणाला. "काय आदी आनू?"

शहाजी जिन्याखाली वाकला. चार बॅटऱ्यांवर तांबड्या ऑइलपेंटनं ठळक नावं घातलेली होती. भीमा. अजिनाथ. धुळा. आई. भीमाच्या बॅटरीवर पालीच्या लेंड्या आणि हळदीकुंकवाचा चिखल. अजिनाथच्या टोकांवर हिरवी बुरशी. धुळाच्या एका बुचाचा पत्ता नाही, तिथं चिंधीचा बोळा कोंबलेला आणि तोही ॲसिडनं खाऊन काळा पडलेला. त्यानं बोट फिरवलं. बोटाकडं पाहिलं. मग तिघा भावांकडं पाहिलं.

"नावं कुणी घातली?"

"वाटणीत ठरलंय," भीमा म्हणाला. "सगळ्याची वाटणी झाली. बॅटऱ्या तेवढ्या कशाला मोकळ्या सोडायच्या? तिघांच्या तीन, आन् एक आईच्या वाट्याची. तिची तिनं दोन शेळ्या इकून घेतल्याली."

"आणि ह्या तारा?"

भीमाच्या बॅटरीवरून एक बारीक तार भिंतीतून पलीकडं गेली होती. अजिनाथच्या बॅटरीवरून एक. धुळाच्या बॅटरीवरून एक. आईच्या बॅटरीवर काही नव्हतं.

"माजी गोठ्यात जाती, दिव्याला," भीमा म्हणाला.

"माज्यावर ट्रॅक्टरचा टेप चालतो," अजिनाथ म्हणाला. "घरात बसवलाय. लई भारी आवाज हाय. लावून दावू?"

"फवारणीचा पंप चार्ज करतो," धुळा जमिनीकडं बघत म्हणाला.

"ज्याची बॅटरी, त्याची तार," भीमानं छाती काढून सांगितलं. "दोन वर्सात एकानं दुसऱ्याच्या बॅटरीला हात लावला न्हाय. कुनाची एक ठिनगी कुनी घेतली न्हाय. ह्या घरात तसलं चालत न्हाय, मिस्त्री."

 शहाजीनं मीटर काढला. भीमाची बारा पूर्णांक एक व्होल्ट. अजिनाथची अकरा पूर्णांक नऊ. धुळाची बारा पूर्णांक दोन. आईची बारा पूर्णांक नऊ.

"बगा की!" अजिनाथ हसला. "आई म्हातारी, पर बॅटरी जवान."

"आन् तुजी सगळ्यात कमी," भीमा त्याच्यावर उलटला. "गानी वाजवतूयास रातध्याड. तूच सगळ्यांना खाली वडतूस."

"मी? तुज्या म्हशीला कशाला पायजे दिवा? म्हस पेपर वाचती व्हय?"

"दादा, माजी बारा-दोन हाय," धुळा हळूच म्हणाला. "माज्याकडं बोट नगं."

बाजेवरून रंभाबाईनं डोळे मिटून घेतले. शहाजीनं ते पाहिलं. खरं तर आकडा पाहून तोही क्षणभर अजिनाथच्याच बॅटरीकडं वळला होता. पण सगळ्या तपासायच्या म्हणून त्यानं हाताची मागची बाजू एकेका बॅटरीच्या अंगाला लावली, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. तिघी गार होत्या. आईची कोमट होती. तिच्या कुशी फुगल्या होत्या. तिच्याजवळ नाक नेलं तर नासलेल्या अंड्याचा वास आला.

तो उठून बाजेपाशी गेला. "मावशी, दोन मिंटं मेन बंद करतो. मशीन बॅटरीवर जाईल. भिऊ नगा."

"भ्याचं काय त्यात," ती नळीतून आलेल्या श्वासावर शब्द ठेवत म्हणाली. "रोजच बंद पडतंय की."

मेन बंद झाला. मशीन चालत राहिलं. शहाजीनं पुन्हा मीटर लावला, आता चौघींवर मशीनचं वझं होतं. भीमाची अकरा पूर्णांक सहा. अजिनाथची अकरा-चार. धुळाची अकरा-सात. आणि आईची? आकडा खाली धावायला लागला. अकरा, दहा, नऊ, साडेआठ, सात. इन्व्हर्टर केकाटला. शहाजीनं झटकन मेन चालू केला.

तिघं भाऊ जिन्याशी सरकले.

शहाजीनं आईच्या बॅटरीची सहा बुचं एकेक करून काढली आणि टॉर्च मारला. आतलं पाणी पार तळाशी गेलं होतं. प्लेटींच्या कडा उघड्या पडून पांढऱ्या झालेल्या, मध्येच भेगा गेलेल्या, उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचा तळ असतो तशा. बाकीच्या तिघींची बुचं काढली. तिन्हींत पाणी काठोकाठ.

"हिच्यात पाणी कोण घालतं?"

अजिनाथनं धुळाकडं पाहिलं, धुळानं भीमाकडं.

"आमी आमच्या आमच्यात म्हैन्याला घालतो," भीमा शेवटी म्हणाला. "एक दीस चुकत न्हाय."

"तुमच्यातलं न्हाय इचारलं. हिच्यात?"

"आईच्या बॅटरीला तर आमी बोटसुदा लावलं न्हाय, मिस्त्री," भीमा म्हणाला. त्याच्या आवाजात अजूनही अभिमान होता. "इचारा कुनालाबी."

शहाजीला त्या क्षणी जिन्याखालच्या घाणीची किळस उरली नाही. ती धुऊन निघते. ही कशानं धुवायची ते त्याला कळेना.  तो अंगणात गेला, विटांच्या ओळीवर थुंकला आणि परत आला.

"ऐका," तो म्हणाला. "चौघींत एकच प्रवाह जातो. तुमी तिघं आपापल्या बॅटरीतून दिवसभर वरपत बसता. त्या रिकाम्या होत्यात. ही आईची भरलेलीच असती. मग चार्जर सगळी ओळ भरायला बसतो. तुमच्या तिघींचं पोट भरंस्तवर तो जोर लावीत ऱ्हातो, आन् तो जोर हिच्यातनंबी जातो. भरलेल्या बॅटरीला जोर लावला की तिच्यातलं पाणी उकळतं, उडून जातं. दोन वर्सं तुमी हिला रोज उकळली, आन् वरनं भांडंभर पाणी कुणी घातलं न्हाय. कारण हिच्यावर तुमचं नाव न्हाय."

"पर आकडा तर जास्त..." अजिनाथ पुटपुटला.

"पाणी आटलं की बसल्या जागी आकडा वर दिसतो. नुसता दिसतो."

धुळाची बायको सोनम दारात चहा घेऊन आली होती. शहाजीनं कप उचलला नाही. त्याला माढ्याकडचं आपलं रान आठवलं. थोरल्या भावात आणि त्याच्यात विहिरीच्या पाण्याची वाटणी झाली तेव्हा तासातासाचा हिशेब बसवला होता. अर्धा दिवस याचा, अर्धा दिवस त्याचा. मध्ये बांधाला लागून आईचा कोथिंबिरीचा आणि मिरचीचा एक वाफा होता. त्याला तास नव्हता. दोघांनीही एकमेकांच्या तासातला एक थेंब चोरला नाही, आणि उन्हाळ्यात वाफा जळून गेला.  आईनं जळकी रोपं उपटून शेळीपुढं टाकली होती. त्यानंतर वर्षभरात शहाजीनं गाव सोडलं. लोकांना तो सांगायचा, कामासाठी सोडलं.

त्यानं पक्कड काढली आणि तिन्ही बारीक तारा मुळापासून तोडल्या.

"आवं, आवं! माजा टेप!"

"टेप ट्रॅक्टरवर वाजव. तितंच शोभतोय."

मग त्यानं माळ सोडली. आईची मेलेली बॅटरी बाजूला सरकवली, टेम्पोतून पाचवी आणली. चौघींची प्लस टोकं एकमेकींना आणि मायनस टोकं एकमेकींना जोडून त्यानं आपला मोठा चार्जर लावला. असं जोडलं की सगळ्या एकाच पातळीवर येतात. भरलेली थांबते, रिकामी पीत राहते. घड्याळात दहा वाजले होते. चारला वीज जाणार होती.

वाट बघत बसायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्यानं भीमाला गरम पाण्याला पाठवलं, अजिनाथला दुकानातून खायच्या सोड्याला, धुळाला टेम्पोतून बॅटरीच्या पाण्याचा कॅन आणि जुनी पोती आणायला. तिघं तीन दिशांना गेल्यावर खिशातून पॉलिश पेपर काढला आणि तांबडी नावं घासायला बसला. भीमा गेला. अजिनाथ गेला. धुळा गेला. शेवटी मेलेल्या बॅटरीवरचं चौथं नाव.

बाजेवरून आवाज आला. "माजं बी नाव पुसतूस व्हय रं?"

"पुसतो, मावशी. त्या नावापायीच वाळली ती."

रंभाबाईनं मान वळवून जिन्याखाली पाहिलं. मग म्हणाली, "पूस, पूस. नीट पूस. डाग ऱ्हाऊ दिऊ नगं."

भाऊ परत आले तेव्हा शहाजीनं सोड्याच्या गरम पाण्यानं चौघींच्या पाठी धुतल्या, टोकं घासून लख्ख केली, धुळाच्या बॅटरीला आपल्याजवळचं बूच बसवलं, चौघींत सारख्या पातळीला पाणी भरलं. पोत्यानं पुसल्यावर चौघी एकसारख्या काळ्याभोर दिसायला लागल्या. साडेतीनला त्यानं चार्जर काढला, तिघा भावांना अंगणात उभं केलं, चौघींच्या जागा उलटसुलट केल्या आणि मगच माळ जोडली.

भीमा जिन्याखाली वाकला. "ह्यातली माजी कंची?"

"ज्याला वळखंल त्यानं घिऊन जावी."

तिघं वाकून वाकून पाहू लागले. अजिनाथनं तर नाकसुद्धा लावलं.

"वास घिऊन सांगतूस का काय?" भीमा त्याच्यावर खेकसला. आणि पहिल्यांदा धुळा खुदकन हसला.

चारला वीज गेली. वस्तीवरचे पंखे थांबले, पलीकडची पिठाची गिरणी थांबली, आणि त्या शांततेत मशीनचं फुस्स-ठक् तेवढं उरलं. शहाजी ओसरीच्या कडेला मांडी घालून बसला. वीस मिनिटं झाली. तिघंही भाऊ आपापल्या दारातून उठून मधल्या ओसरीत आले होते; कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. पाऊण तास झाला. रंभाबाईचा पदर छातीवर हळूहळू वर जात होता, खाली येत होता. दोन तास झाले. शहाजी मधूनमधून उठून मीटर लावत होता आणि काही न सांगता परत बसत होता. चौघींत केसाएवढा फरक नव्हता.

सातला पंखे फिरायला लागले. मशीन मध्ये एकदाही थांबलं नव्हतं.

रंभाबाईनं हात बाजेबाहेर काढून शहाजीपुढं धरला. "नखं बग माजी." नखं गुलाबी होती. कष्टानं जाड झालेली, कडेला फुटलेली, पण गुलाबी.

"आता तरी चहा घ्या, मिस्त्री," भीमा म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता.

"तुमच्या घरचा चहा आज माज्या घशाखाली जायाचा न्हाय," शहाजी म्हणाला, आणि मेलेली बॅटरी खांद्यावर घेऊन टेम्पोकडं चालायला लागला. तिच्यातलं उरलंसुरलं ॲसिड त्याच्या सदऱ्यावर गळत होतं. त्याला ते ठाऊक होतं. त्यानं खांदा बदलला नाही.

महिन्यानं तो न सांगता पुन्हा गेला. केलेल्या कामाकडं वळून बघायची त्याची रीत होती, आणि त्या घरावर त्याचा भरवसा नव्हता. तिघं भाऊ रानात होते. सोनमनं त्याला आत घेतलं. रंभाबाई उशीला टेकून बसली होती. पाण्याचा कॅन तिच्या बाजेच्या पायाशी होता.

"माज्यासमूर घालायचं, असं सांगितलंय त्यांस्नी," ती म्हणाली. "घालत्यात बाबा. चारीत घालत्यात. आपली कंची ते ठावं न्हाय की."

शहाजीनं मीटर लावला. बारा-सहा, बारा-सहा, बारा-सहा, बारा-सहा. पाणी एका पातळीला. कुठं तार नाही. त्याला बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात टॉर्चच्या उजेडात दुसऱ्या बॅटरीच्या कोपऱ्याशी काहीतरी चमकलं. तो वाकला.

खिळ्यानं ओढलेला एक बारीक ओरखडा होता, भिंतीच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा. त्याच्या शेजारी, बोटभर खाली, चुन्याचा एक ठिपका. आणि मागच्या अंगाला मुठीखाली गुंडाळलेला काळा दोरा. तीन खुणा. तिघांच्या. बाकीच्या तीन बॅटऱ्यांवर काहीच नव्हतं.

ती पाचवी होती. टपरीतून आलेली. चौघींत जरा जास्त उजळ दिसणारी. प्रत्येकानं गुपचूप येऊन, हीच आपली, असं ठरवून टाकलं होतं.

 शहाजी तसाच उकिडवा बसून राहिला. मागून रंभाबाईचं खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. त्यानं घाबरून वळून पाहिलं. ती हसत होती. तिच्या बाजेवरून जिन्याखालचं सगळं दिसत होतं. तिघं आळीपाळीनं येऊन काय करून गेले ते तिनं पाहिलेलं होतं.

"मावशी, सांगायचं न्हाय का?"

"मी कशाला सांगू? तू येशील म्हनून ठावं होतं की."

शहाजीनं दोरा तोडला. चुना पुसला. पॉलिश पेपरनं ओरखडा घासून काढला, मग चारही कोपरे तसेच घासले. मेनवर मशीन चालू होतं. वीज जायला दोन तास होते. त्यानं पाना काढला, माळ सोडली आणि चौघींच्या जागा पुन्हा एकदा बदलायला घेतल्या.